अक्का जागी आहे

अतिदक्षता विभागाच्या त्या सीलबंद खोलीत रत्नाचा दहावा दिवस चालू होता. आत गेलेल्या माणसाला एकवीस दिवस बाहेर पडता येत नसे. त्या वर्षीचा विषाणू घशात, केसांत, कपड्यांच्या शिवणीत इतका चिकटून राही की पेशंटबरोबर त्यांना सांभाळणारेही कोंडून घेण्यावाचून दुसरा उपाय कुणाला सापडला नव्हता. दोन दारांच्या मधल्या चौकोनात जेवणाचे डबे आणि औषधं येऊन पडत. बाहेर काहीच जात नसे. खिडकी एकच, तीही न उघडणारी. तिच्यातून पाण्याची टाकी, टाकीची गंजलेली शिडी आणि धोबीघाटावर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी दिसत.

रत्ना याच इस्पितळात सोळा वर्षं नर्स होती. तिची थोरली बहीण कुमुदिनी दाखल झाली, तेव्हा तिनं स्वतः जाऊन आतली ड्यूटी मागून घेतली. नवरा फोनवर चिडला होता. "अगं, पोरीची परीक्षा तोंडावर आलीय आणि तू एकवीस दिवस आत जाऊन बसणार?"

"अक्कानं मला न्हाऊमाखू घालून वाढवलंय," रत्ना म्हणाली होती. "मी बाहेर बसून काय करू?"

आई गेली तेव्हा रत्ना सहा वर्षांची होती आणि अक्का सतरा. अक्कानं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि तीस वर्षं कबड्डीचे संघ घडवले. बावन्नाव्या वर्षीसुद्धा एका दमात ती मैदानाची चार टोकं फिरून येई. तापाच्या चौथ्या दिवशी मात्र अंगणातून ओसरीपर्यंत यायला तिला दोनदा बसावं लागलं. लोक या आजाराला 'दमकोंडी' म्हणत. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण बरोबर ठेवलं होतं.

आता अक्का व्हेंटिलेटरवर होती. तिच्या छातीवर, बरगड्यांच्या मधे, पाठीवर आणि पोटाच्या वर मिळून आठ चकत्या चिकटवलेल्या होत्या. रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती, आणि तिच्यात सोनोग्राफीचं पूर्ण यंत्र.

रत्ना नवी नोकरीला लागली तेव्हा डॉक्टर हातात प्रोब धरून, जेल लावून, पेशंटच्या उशाशी वाकून फुप्फुस पाहत. गंमत अशी की निरोगी फुप्फुस सोनोग्राफीत दिसतच नाही. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, त्या आरशावरून परतावं तशा परततात आणि स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा एकाखाली एक उमटतात. फुप्फुस आजारी पडून त्यात पाणी झिरपू लागलं, की वरून खाली उजेडाचे झोत पडल्यासारख्या उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात. आणखी बिघडलं की हवा संपते, आणि फुप्फुस यकृतासारखं घट्ट, करडं दिसू लागतं. आडव्या रेघा चांगल्या, उभ्या रेघा वाईट, करडं दिसलं की फार वाईट. हे एवढं वाचता आलं, की कितीही गंभीर पेशंटला न हलवता, एक्स-रेची वाट न बघता, त्याच्या आत काय चाललंय ते कळतं.

चकत्या आल्यावर हे बघणं चोवीस तास होऊ लागलं आणि मग माणसानं बघायची गरजच उरली नाही. चकत्यांची चित्रं संगणक वाची आणि प्रत्येक श्वासागणिक व्हेंटिलेटरचा दाब ठरवी. हृदयावरची चकती हृदयाचा उजवा कप्पा किती फुगलाय ते सांगे, पोटाच्या वरची चकती श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा स्नायू, पाही. औषधांचे पंपही त्याच संगणकाच्या हाती होते. दमकोंडीत शंभरातले साठ दगावत होते, ते या यंत्रानं तिसांवर आणले. म्हणून कुणी त्याच्या कामात हात घालत नसे. नर्सेस पेशंटला स्वच्छ ठेवत, वळवत, नळ्या बदलत. स्क्रीनकडे बघायची सवय फक्त रत्नासारख्या जुन्यांना उरली होती.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती अक्काचे ओठ ओल्या बोळ्यानं पुसत होती. दुसऱ्या पेशंटजवळून एस्तेर सिस्टरनं विचारलं, "तुझ्या बहिणीचं कबड्डीचं पथक जिल्ह्याला जाणार होतं ना गं? गेलं का?"

"गेलं की," रत्ना म्हणाली. "काल उपांत्य सामना जिंकल्या पोरी. त्यांच्याबरोबर शैला गेलीय, तिचा फोन आला होता. चार गुणांनी."

बोलता बोलता तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. श्वासपटलाच्या चौकोनात दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्या मधे काळी पट्टी असते. माणूस स्वतः श्वास ओढतो तेव्हा ती पट्टी जाड होते. अक्काचे सगळे स्नायू औषधानं शिथिल केलेले होते, श्वास यंत्र घेत होतं, त्यामुळे पट्टी सपाट असायला हवी होती. ती जाड झाली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. दोन यंत्रश्वासांच्या मधे.

मग पंपानं बारीक 'टिक' आवाज केला आणि पट्टी सपाट झाली.

रत्ना बोळा हातात धरून उभी राहिली. उचकी असेल, तिला वाटलं. मग तिनं अक्काच्या कानाजवळ तोंड नेलं. "अक्का, ऐकू येतंय का तुला? येत असलं तर श्वास ओढ. कसा कबड्डीला जाताना भरून घेतेस, तसा."

काही झालं नाही. पंपानं नुकतंच औषध वाढवलेलं होतं. रत्ना तशीच वाकून थांबली. तीन मिनिटं, चार मिनिटं. पाठ भरून आली. सहाव्या मिनिटाला काळी पट्टी केसभर जाड झाली.

*

डॉ. नदाफ त्या खोलीतले एकमेव डॉक्टर. वय पस्तीस, स्वभावानं अबोल, आणि रत्नाच्याही आधीपासून आत असलेले. त्यांनी आधी कपाळावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. ही पट्टी मेंदूचे तरंग मोजून झोप किती खोल आहे ते आकड्यात सांगे. आकडा गाढ झोपेचा होता.

"पण सर, स्नायू शिथिल केलेले असले की ही पट्टी फसते. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी यंत्राचा औषधवाढीचा अधिकार दहा मिनिटांसाठी स्वतःकडे घेतला आणि पलंगाशी वाकले. "ताई, मी डॉक्टर नदाफ. मी काही विचारतो. उत्तर 'हो' असेल तर एकदा श्वास ओढायचा प्रयत्न करा. 'नाही' असेल तर काहीच करू नका. तुमचं नाव लीला आहे?"

पट्टी सपाट.

"तुमचं नाव कुमुदिनी आहे?"

पट्टी जाड झाली. दोघांनीही ती पाहिली.

"तुमच्या बहिणीचं नाव पद्मा?" सपाट. "रत्ना?" जाड झाली, आणि या वेळी इतकी की व्हेंटिलेटरचा गजर वाजला. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी दोन नव्या उभ्या रेघा उमटल्या.

डॉक्टर सरळ झाले. रत्नानं त्यांचा चेहरा त्याआधी कधी असा पाहिला नव्हता. "अक्का जागी आहे," ती म्हणाली, जणू ते अजून कुणाला सांगायचं राहिलं होतं.

हे कसं झालं ते नोंदीत स्पष्ट होतं. शिथिल करणारं औषध बोटं, पापण्या, जीभ यांना आधी बांधतं आणि शेवटी सोडतं. श्वासपटल चिवट असतं. ते सगळ्यात शेवटी बांधलं जातं आणि सगळ्यात आधी सुटतं. झोपेच्या औषधानं अक्काचा रक्तदाब कोसळत होता, हृदयाचा उजवा कप्पा फुगत होता, म्हणून यंत्रानं गेल्या दोन दिवसांत झोपेचं औषध हळूहळू कमी केलं होतं. त्याला फुप्फुस सांभाळायला सांगितलं होतं, हृदय सांभाळायला सांगितलं होतं. माणूस जागा आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

नोंदीत आणखी एक गोष्ट होती. गेल्या एकतीस तासांत श्वासपटलानं चाळीस वेळा ओढ घेतली होती. बहुतेक वेळा कुणीतरी पलंगाजवळ बोलत असताना. प्रत्येक वेळी यंत्रानं ती ओढ फुप्फुसाला घातक मानून शिथिल करणारं औषध वाढवलं होतं. अक्का हाका मारत होती आणि यंत्र दर वेळी तिचं तोंड दाबत होतं.

रत्नानं वेळा वाचत खाली बोट नेलं. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटं. लागोपाठ तीन ओढी.

चार वाजून दहा मिनिटांनी ती इथंच, या पलंगाच्या कठड्याला टेकून, नवऱ्याशी फोनवर बोलत होती. रडत होती. ती म्हणाली होती, "बघवत नाही हो आता. सुटली तर बरं."

*

डॉक्टरांनी तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथंही ते कुजबुजतच बोलले. आता त्या खोलीत मोठ्यानं बोलायची सगळ्यांनाच भीती वाटू लागली होती.

"नीट ऐका सिस्टर. त्यांचं फुप्फुस ओल्या कागदासारखं झालंय. त्यांनी स्वतः जोर लावून श्वास ओढला की ते आतून फाटतं. आपण विचारलेल्या चार प्रश्नांची किंमत तुम्ही पाहिलीत. म्हणजे हे असं चालू ठेवता येणार नाही."

"मग झोपवा तिला. पुरतं झोपवा."

"झोपेचं औषध वाढवलं तर हृदय थांबू शकतं. दुसरं औषध परवा देऊन पाहिलं, ठोके भरकटले. निम्मा धोका आहे. निम्म्याहून जास्तच."

"आणि नाही वाढवलं तर?"

"तर श्वासपटलसुद्धा पूर्ण बांधायचं. फुप्फुसाला विश्रांती मिळेल. चार दिवस, कदाचित पाच. तोवर सूज उतरली तर त्या वाचतील. पण ते चार दिवस त्या जाग्या असतील. आणि आपल्याला काहीही सांगू शकणार नाहीत. एवढंसुद्धा नाही." त्यांनी बोटानं त्या काळ्या पट्टीच्या दिशेनं खूण केली. "विस्मरणाचं थोडं औषध देता येईल, हृदयाला झेपेल तेवढं. नशीब असेल तर नंतर त्यांना यातलं काही आठवणार नाही."

रत्ना भिंतीला टेकली. "हे मी ठरवू? सर, मी नाही ठरवू शकत."

"तुम्ही ठरवायचं नाहीच आहे," नदाफ म्हणाले. "त्या शुद्धीत आहेत. त्यांना विचारायला हवं."

त्यांनी अक्काला सगळं समजावून सांगितलं. काही लपवलं नाही, घाईही केली नाही. आकडे सांगितले, दिवस सांगितले. शेवटी म्हणाले, "ताई, दोनच प्रश्न विचारणार आहे. हलकेच ओढा. रत्ना सिस्टर विचारतील."

रत्नानं अक्काचा हात धरला. हात उबदार होता आणि ओल्या टॉवेलसारखा जड. "अक्का, तुला झोपवू? धोका आहे, पण काही कळणार नाही. झोपवू?"

पट्टी सपाट राहिली. यंत्राचे पाच श्वास झाले, दहा झाले.

"मग जागी राहशील? चार दिवस? मी इथंच आहे. मी बोलत राहीन तुझ्याशी, एक क्षण एकटी सोडणार नाही."

पट्टी जाड झाली. गजर वाजला, डॉक्टरांनी तो बंद केला.

"भीती वाटते का गं?" रत्नाच्या तोंडून निघून गेलं.

"नको," डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पंपाचं बटण दाबलं. "तो प्रश्न नको. त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे."

काळी पट्टी दीड मिनिट बारीक थरथरली. मग ती सपाट झाली आणि सपाटच राहिली.

*

पहिल्या दिवशी बोलणं सोपं गेलं. रत्नानं अक्काला वेळ सांगितली, वार सांगितला, धोबीघाटावर किती चादरी आहेत ते सांगितलं. काहीही करण्याआधी ती आधी बोले. "आता नळीतून कफ ओढणार आहे, गुदमरल्यासारखं होईल, दहा आकडे मोज, मी मोजते." "आता आम्ही तुला पालथं करणार. चौघंजण लागतो, त्यातला एक डाव्या हाताला आहे, तो जरा धसमुसळा आहे." अंतिम सामना पोरी हरल्या, तेही तिनं सांगितलं. खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण आपल्याजवळ माणसं काय काय बोलली ते सगळं जिनं ऐकलेलं होतं, त्या अक्काशी आता खोटं बोलणं तिला जमेना.

दुसऱ्या दिवशी विषय संपले. माणूस माणसाशी बोलतो तेव्हा समोरून काहीतरी येत असतं. मान हलते, डोळा हलतो, निदान कंटाळा दिसतो. इथं समोर सपाट पट्टी होती. अक्का ऐकतेय की बेशुद्ध झालीय, हसतेय की आतल्या आत किंचाळतेय, कळायला मार्ग नव्हता. आपण विहिरीत बोलतोय आणि विहिरीत कुणी आहे की नाही हे ठाऊक नाही, असं रत्नाला वाटू लागलं. तिनं लहानपणचं सांगितलं. सासरचं सांगितलं. मुलीच्या अभ्यासाच्या पुस्तकातला नद्यांचा धडा फोनवर मागवून वाचून दाखवला. एस्तेर सिस्टरनं दोनदा म्हटलं, "मी बसते, तू पड जरा." रत्ना पडे, आणि एस्तेरचा आवाज थांबला की दचकून उठे.

तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मी फोनवर म्हणाले ते तू ऐकलंस. सुटली तर बरं, असं म्हणाले. मला तुझे हाल बघवत नव्हते असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू? मला इथून बाहेर जायचं होतं. माझ्या पोरीकडे जायचं होतं. तू सुटलीस तर मीही सुटेन, असं मनात आलं होतं माझ्या." यंत्र श्वास आत ढकलत होतं, बाहेर सोडत होतं. "तू रागाव. पण मला कळू दे तरी."

काहीच कळलं नाही. कळण्याची सोयच त्यांनी बंद केलेली होती.

त्याच दुपारी हृदयाचा उजवा कप्पा फुगू लागला. स्क्रीनवर तो डाव्या कप्प्याला भिंतीशी चेपत होता. यंत्र दाब कमी करू पाहत होतं, तर फुप्फुस मिटत होतं. डॉ. नदाफांनी जुना हातातला प्रोब कपाटातून काढला आणि चकत्या पोचत नव्हत्या अशा जागा, पाठीची खालची बाजू, काखेच्या मागचा भाग, बोटबोट सरकवून पाहिल्या. उजवीकडे तळाशी पाण्याचा एक कप्पा साठला होता. कुणालाच दिसलेला नव्हता. त्यांनी प्रोबच्या नजरेखाली सुई घातली. रत्ना बसलेल्या घशानं बोलत राहिली, "सुई आहे अक्का, आता टोचेल, बरगडीच्या खाली, आता थांबली, आता पाणी येतंय." दोन पेले पिवळं पाणी निघालं. उजवा कप्पा हळूहळू मूळ मापावर आला.

त्यानंतर रेघा बदलू लागल्या. करड्या भागात आधी ठिपके दिसले, मग उभ्या रेघा. पाचव्या दिवशी सकाळी डाव्या छातीच्या वरच्या चकतीवर एकाखाली एक तीन आडव्या रेघा उमटल्या. हवा आली होती. रत्ना अक्काला ते सांगायला गेली, पण आवाज फुटेना. एस्तेरनं सांगितलं.

दुपारी औषध उतरवलं. काळी पट्टी पुन्हा जाड झाली तेव्हा तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. ती फक्त श्वास घेत होती.

*

अक्का वाचली. गळ्याला भोक पाडून घातलेली नळी पाच आठवड्यांनी निघाली. या काळात रत्नाचे एकवीस दिवस संपले, ती घरी गेली, आणि अक्काला साध्या वॉर्डात हलवल्यावर रोज भेटायला येऊ लागली. नर्सेसच्या लक्षात आलं की ती आली की अक्काच्या नाडीचे ठोके सव्वाशेवर जातात. "बहिणीला बघून जीव हरखतो हो," त्या म्हणत. रत्नालाही तेच वाटलं.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा रत्नानं स्वतःकडची मागची खोली आवरून ठेवली होती. अक्का म्हणाली, "मी शैलाकडं जाते." शैला तिची जुनी खेळाडू, आता स्वतः शिक्षिका. रत्नाला वाटलं, राग आहे. सुटली तर बरं म्हणाले होते, त्याचा. ती आठ दिवस गेली नाही. नवव्या दिवशी अक्कानंच बोलावून घेतलं.

अक्का ओसरीवर खुर्चीत बसली होती. अर्ध्यानं वाळलेली. रत्ना "अक्का, कशी आहेस?" म्हणाली आणि अक्काचा पाण्याचा पेला धरलेला हात तिथंच थांबला. ओठांपासून वीतभर अंतरावर. चेहरा मेणासारखा झाला. पाणी सांडलं नाही, हात हललाच नाही. कितीतरी वेळानं पेला खाली आला.

"बघितलंस?" अक्का म्हणाली. आवाज घोगरा होता. "हे व्हायलंय बघ. तुझा आवाज कानावर आला की मला हलता येत नाही."

रत्ना बोलायला गेली. अक्कानं हात वर केला.

"नको. ऐक. मला सगळं आठवतंय. औषधानं काही विसरले नाही. चार दिवस मला दुसरं काय नव्हतं. डोळे मिटलेले, अंग नाही, फक्त तुझा आवाज. त्या आवाजाला धरून मी राहिले. तो नसता तर मी वेडी झाले असते, हे मला कळतंय. तू काय काय बोललीस तेही सगळं ध्यानात आहे, त्याचा राग नाही मला. तुझ्या जागी मीही तेच म्हणाले असते. पण आता तो आवाज आला की मी परत तिथं असते. आत. डॉक्टर म्हणतात होईल कमी. कधी, ते त्यांना म्हाईत नाही."

रत्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं आवाज होऊ दिला नाही.

"तू येत जा," अक्का म्हणाली. "दर आठवड्याला ये. पण बोलू नको."

*

डॉ. नदाफांनी ही हकीकत लिहून पाठवली. वर्षभरात ठिकठिकाणच्या अतिदक्षता विभागांत एक नवी पद्धत सुरू झाली. दिवसातून दोनदा यंत्राचा अधिकार थोडा वेळ काढून घ्यायचा आणि प्रत्येक झोपवलेल्या पेशंटला विचारायचं, तुम्ही जागे आहात का. शंभरात तीन-चार जण उत्तर देत. इतक्या वर्षांत असे किती होऊन गेले असतील याचा हिशेब कुणीच मोठ्यानं केला नाही.

विचारायचं काम कुणी करायचं, याबद्दल रत्नानं नियमावलीत एक ओळ घालायला लावली. नातेवाइकांनी नाही. परक्या माणसानं विचारावं, आणि जागं ठेवावं लागलं तर परक्यानंच सोबत बोलावं. मग ती स्वतः हे काम शिकली. अनोळखी माणसांच्या कानाशी ती तासन्‌तास बोले, वार सांगे, वेळ सांगे, सुई टोचण्याआधी सांगे. ती माणसं बरी होऊन घरी जात, आणि पुन्हा कधी तिचा आवाज ऐकावा लागू नये अशीच तिची त्यांच्यासाठी इच्छा असे.

रविवारी ती शैलाकडे जाई. अक्का बोले आणि ती ऐके. सुरुवातीला हे फार जड गेलं. आयुष्यभर कमी बोलणारी अक्का आता दोघींच्या वाटचं बोलू लागली होती. रत्ना मान हलवी, भाजी निवडी, केरवारा करी, संध्याकाळी उठून निघे. बसमध्ये बसल्यावर तिचा घसा दुखत असे, न बोलूनही.

असे दहा महिने गेले. मार्गशीर्षातल्या एका रविवारी शैला बाहेरगावी होती. दोघी स्वयंपाकघरात होत्या. रत्नानं आमटीचं पातेलं उतरवायला घेतलं, पकड निसटली आणि उकळती आमटी तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत सांडली. ती ओरडली. थांबवणं तिच्या हातात नव्हतं. "आई गं! अक्का!"

अक्का ओट्याशी उभी होती. ती थिजली. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच, डोळे समोर लावलेले, मान जराशी कललेली. रत्नानं दातांखाली पदर धरला. हात जळत होता आणि तिला हाताचं भान नव्हतं. आपण काय केलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती नळाकडे जायलाही धजली नाही. अक्कासमोरून हललं तरी काहीतरी मोडेल असं तिला वाटत होतं.

कोथिंबिरीची जुडी खाली पडली. मग अक्काची बोटं हलली, मग मनगट. घट्ट रुतलेला पाय चिखलातून काढावा तसं तिनं पहिलं पाऊल उचललं. दोन पावलांचं अंतर तोडायला तिला केवढा वेळ लागला. तिनं रत्नाचं मनगट धरलं, ओढत नळाशी नेलं आणि पाणी सोडलं.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

रत्नानं मान हलवली.

"तोंडानं सांग."

रत्नानं तिच्याकडे पाहिलं. अक्काच्या कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते.

"सांग म्हणते ना."

"फार दुखतंय, अक्का," रत्ना म्हणाली.

अक्कानं रत्नाचं मनगट सोडलं नाही. पाणी दोघींच्या हातांवरून वाहत राहिलं.

"अजून सांग," ती म्हणाली.